भात्याचा हात

वडगाव रासाईच्या गौतमीला पियानो घ्यायचा आहे, हे कळल्यावर अर्धं गाव हसलं. म्हाळूची पोरगी हातासंगं डोकंही गमावून बसली, असं बोललं गेलं. पियानोच का, हे तिला कुणी विचारलं नाही. लोकांना हसायला वेळ असतो, विचारायला नसतो.

कारण अगदी साधं होतं. पियानोला भाता नसतो.

तिचे वडील म्हाळू आप्पा भीमगीतं गायचे. जयंती असो, लग्न असो की कुणाच्या मयतीनंतरचं पुण्यानुमोदन, भीमेच्या दोन्ही तीरांवरच्या वस्त्यांत त्यांची पार्टी जायची आणि त्यांच्या उजव्या अंगाला पेटीवर गौतमी बसायची. परकर-पोलक्यात होती तेव्हापासून. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर, डावा हात मागं भात्यावर. ऐकणारे बोटांचं कौतुक करायचे. आप्पांचा जीव मात्र त्या डाव्या हातावर. कडव्याच्या शेवटी ते सूर लांबवायचे आणि वयामुळे मध्येच दम तुटायचा. तो तुटणार हे त्या हाताला आधी कळायचं. हात भाता भरून ठेवायचा, आणि आप्पा श्वास घेईपर्यंत पेटी त्यांचा सूर धरून ठेवायची. ऐकणाऱ्याला सांधा दिसायचा नाही.

पण गाण्यावर चूल पेटत नाही. कोरेगाव भीमाजवळच्या एका वर्कशॉपात गौतमी पावर प्रेसवर लागली. पत्र्याचा तुकडा ठेवायचा, पायानं पेडल दाबून वरचा ठोकळा खाली आणायचा, तुकडा काढायचा. हात आत असला तर मशीन थांबावी म्हणून सेन्सर बसवलेला होता. त्यानं माल कमी निघतो म्हणून तो बंद करून ठेवला होता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे तशाच मशीनवर काम करत होते. एका दुपारी तुकडा अडकला, तिचा हात आत होता, आणि पाय पेडलवर पडला. तिचाच पाय. "पेडल तूच दाबलंस ना?" असं तिला नंतर इतक्यांनी विचारलं, की सेन्सरचं विचारायचं राहूनच गेलं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा उरला. ठरलेलं लग्न मोडलं, आणि मोडणाऱ्यांनी वर "पोरीचं वाईट झालं" असं चार ठिकाणी सांगितलंही.

मग पेटी उलट्या हातानं वाजवून पाहिली.

"डाव्यानं वाजिव, भाता मी मारतो," आप्पा म्हणाले. पण भाता मारता मारता त्यांना गाता येईना. तिनं उजव्या थोट्यानं मारला, तर कळ थेट खांद्यापर्यंत. मग चुलतभाऊ संघर्ष भात्यावर बसला. त्याचा वारा कधी वादळासारखा, कधी गायबच.

"दुसऱ्यानं भाता मारायचा म्हंजी दुसऱ्याच्या नाकानं श्वास घ्यायचा," गौतमी म्हणाली, आणि तिनं पेटीवर ओढणी टाकली.

पार्टी कुणासाठी थांबत नसते. संघर्षनं कुणाचा तरी कीबोर्ड आणला आणि आप्पांच्या उजव्या अंगाला बसायला लागला. घरी आप्पा म्हणायचे, "तुझी जागा हाय तिथंच हाय." जागेवर दुसरा बसलेला असताना असं म्हणणं सोपं असतं.

सरकारी दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणारी सायली म्हणून मुलगी होती. तिनं पियानोचं सुचवलं. "डिजिटल मिळतो. जड पट्ट्यांचा बघ, डाव्या बोटांत ताकद येईल." वर्कशॉपच्या भरपाईतलं औषधपाण्यातून जे उरलं होतं, त्यात एकच वस्तू बसणार होती. घेतली आणि चुकली, तर गौतमीला आप्पांशेजारी परत बसायची दुसरी वाट नव्हती.

बापलेक आधी शिरूरला गेले. वाद्यांच्या दुकानात साहेबरावानं कीबोर्ड पुढं केला.

"पियानो कशाला, ताई? ह्यात समदं हाय. पेटी दाबा, पेटी वाजती. तबला दाबा, तबला. माणसं लागतच न्हाईत."

"मग आमी काय मरायचं?" आप्पा म्हणाले.

"तसं न्हाई मामा. पगार वाचतो."

सवयीनं गौतमीचा डावा हात आधी कीबोर्डच्या मागं गेला आणि त्यानं भाता मारल्यासारखं ढकललं. कीबोर्ड काउंटरवरून सरकला.

"ताई, ह्याला भाता नस्तो."

"मला ठावं हाय. हाताला ठावं न्हाई."

तिनं पट्टी दाबली. रिकाम्या काडेपेटीसारखी हलकी. आवाज मात्र हुबेहूब पेटीचा. दाबून धरली तर तो थांबेचना. ना चढ, ना उतार, नुसता सुरू. आप्पांना तो फार पटला. "सूर टिकतोय बघ. घे हाच. जयंतीला बसशील माझ्याशेजारी."

"ह्याला काय कळतंय, आप्पा, तुमचा दम कवा तुटतो ते?"

"माणसाला तरी कुठं कळतंय," आप्पा म्हणाले. पण तिनं बोट उचललं ते उचललंच.

मग नदी ओलांडून केडगाव आणि तिथून रेल्वेनं दौंड. रेल्वे कॉलनीतल्या फिलोमिना मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या, चर्चमध्ये वाजवणाऱ्या. मुलाकडे राहायला जाताना आपला डिजिटल पियानो विकून जाणार होत्या. सायलीनंच पत्ता दिला होता. मॅडमनी गौतमीच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"आवाज किती आहेत, दिवे किती लागतात, ते बघायचंच नाही. पट्टी बघायची. हळू दाब."

पट्टी जड होती. दाबली तर बोटाला उलटा रेटा देत होती. हळू दाबली तर हळू बोलली. जोरात दाबली तर जोरात. अपघाताच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा एखादी वस्तू तिच्या हाताचं ऐकत होती. गौतमीनं पेटीवर धरतात तसा सूर दाबून धरला. तो बारीक होत होत विझला. तिनं आणखी रेटलं. काही नाही.

"बिघडलंय व्हय?" आप्पांनी विचारलं.

"नाही हो बाबा. पियानो असाच. एकदा मारला की सूर जाणारच. जरा धरायचा तर खाली पेडल आहे. पाय ठेव, बेटा."

गौतमीनं खाली पाहिलं आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतला. मॅडमनी मग स्वतःच पेडल दाबलं. "वाजव आता." तिनं डाव्या हातानं एका गाण्याचं ध्रुवपद चाचपडत वाजवलं आणि सूर खोलीभर रेंगाळले. आप्पांनी मान डोलावली.

"हाच," गौतमी म्हणाली.

"आन् पायाचं?"

"पाय शिकंल."

इथंच चुकलं. वस्तू घेताना माणसानं आजचा स्वतःचा देह बघून घ्यावी, उद्याचा नव्हे. पण हे कळतं ते वस्तू घरात आल्यावर.

छोटा हत्ती टेम्पोत घालून पियानो वडगावला आला. कानाला हेडफोन लावून ती वाजवायची. घरच्यांना सूर ऐकू यायचे नाहीत, पट्ट्यांची ठकठक तेवढी यायची. थंडी सरेपर्यंत डाव्या बोटांनी गाणी पाठ केली. पाय मात्र शिकला नाही. पेडलला तळवा लागला की पाय मागं ओढला जायचा आणि उजवा हात आपोआप उडून छातीशी यायचा, बोटं नसलेला हात बोटं वाचवायला. एकदा आप्पांनीच हेडफोनची एक बाजू आपल्या कानाला लावून, खाली बसून पेडल हातानं दाबून धरलं. सगळे सूर एकमेकांत कालवले.

"भाजी झाली ह्याची," ते म्हणाले, आणि दोघं हसले. त्या घरात त्या वर्षी तेवढंच हसू झालं.

जयंतीच्या आधी तिनं हेडफोन काढला. आप्पा गायला बसले. कडव्याच्या शेवटी त्यांनी सूर लांबवला, दम तुटला, आणि खाली काहीच नव्हतं. पियानोचा सूर त्यांच्याही आधी मेला होता. त्यांनी खाकरून परत सुरुवात केली. तिसऱ्यांदा अडल्यावर थांबले.

"टेकायला जागा न्हाई गं ह्यात."

"व्हय," गौतमी म्हणाली.

जयंतीला खुटबावला कार्यक्रम होता. आप्पांच्या उजव्या अंगाला संघर्ष बसला. गौतमी बायकांत. शेजारच्या चांगुणाबाईंनी विचारलं, "पेटी सोडली व्हय गं?"

"पेटीनं सोडली, मावशे."

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आप्पांचा दम तुटला. संघर्षनं त्याच क्षणी बोट उचललं, मांडवात भोक पडल्यासारखी शांतता झाली, आणि पुढच्या रांगेतलं कुणी तरी हसलं. आप्पांनी हसणाऱ्याकडे पाहिलं नाही. ते उजवीकडं, नसलेल्या पेटीकडं पाहत होते.

"हात का हलिवती?" चांगुणाबाईंनी दटावलं. "धक्का लागतोय मला."

"मी न्हाई हलवत, मावशे. त्योच हलतोय."

गौतमीचा डावा हात मांडीवर पुढं-मागं, पुढं-मागं चालला होता. आप्पा श्वास घेत होते. तिनं उजव्या अंगठ्यानं तो हात दाबून धरला, आणि पुढचं कडवं सुरू झालं.