समोरच्या दुकानातला मयत भाऊ

सासरेबुवांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका गिऱ्हाइकावर असे गरजत होते, की काचेच्या कपाटातले सगळे चष्मे जागच्या जागी थरथरत होते. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की त्याने भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ चुकीची वाचली होती. "डोळे आहेत की बटाटे?" असं त्याला विचारलं जात होतं. तो भेदरून दोन चष्मे घेऊन गेला. त्यातला एक बायकोसाठी, आणि तिची नजर उत्तम होती.

मग तोफ माझ्याकडे वळली. मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला आलो होतो. नोकरी, पगार, व्यसनं, कशाची चौकशी नाही. थेट प्रश्न आला, "पणजोबांचं नाव?"

मला येईना.

"म्हणजे तुम्ही आकाशातून पडलात!"

"अहो, मुलगा लग्न करायला आलाय, परीक्षेला नाही," सासूबाई आतून म्हणाल्या. त्या एका वाक्यावर माझा संसार उभा आहे.

वंशावळ हा सासरेबुवांचा छंद आणि संताप हा स्वभाव. दोन्ही कामं ते एकाच वेळी उरकत. एका साइटवर त्यांनी अख्खं खानदान चढवलं होतं. कोण कुठे जन्मला, कोणाशी लग्न केलं, कशाने गेला. माहिती न देणाऱ्या नातेवाइकांना फोनवर इतकं झापत, की लोक मेलेल्या आत्यांच्या तारखा घाबरून सांगून टाकत.

या वंशवृक्षावर एक खून मात्र त्यांनी स्वतः केला होता. त्यांचे वडील दवाखान्यात पडून असताना धाकट्या भावाने समोरच्याच फुटपाथवर चष्म्यांचं दुकान थाटलं. त्या दिवसापासून दोघांमध्ये शब्द नाही. सासरेबुवांनी साइटवर भावाच्या नावापुढे मृत्यूची तारीख टाकली: त्याच्या दुकानाच्या उद्घाटनाची. वंशावळ बघणारे ते एकटेच, त्यामुळे मयताला याचा पत्ता नव्हता. तो समोर बसून चष्मे विकत होता.

आणि एक दिवस साइटचं पत्र आलं. महिनाअखेर सेवा बंद होत आहे, आपली माहिती दुसरीकडे न्यावी, आपण दिलेल्या प्रेमाबद्दल आभार.

"प्रेम? कोणी केलं प्रेम यांच्यावर?" सासरेबुवांनी मदतकेंद्राला फोन लावला. तिकडून यंत्र म्हणालं, मराठीसाठी एक दाबा.

"गळा दाबतो तुझा!"

महिना असा यंत्राशी भांडण्यात गेला. शेवटच्या दिवशी मला बोलावणं आलं. काम सोपं होतं. जुन्या साइटवरून फाइल उतरवायची, नव्या साइटवर चढवायची. मी म्हटलं, "प्रत्येक सूचना नीट वाचू या."

"मला वाचायला शिकवता, जावईबापू?"

तर आयुष्यभर जगाला बारीक अक्षर वाचायला लावणाऱ्या या गृहस्थांनी एकही बारीक अक्षर न वाचता 'पुढे, पुढे, पुढे' दाबलं. त्या अक्षरांत लिहिलं होतं, की हयात व्यक्तींची माहिती वगळली जाईल. खूण आधीच केलेली होती, ती फक्त काढायची होती.

सकाळी नवी साइट उघडली. पूर्वज ठणठणीत होते. सासरेबुवांच्या वडिलांच्या खाली मात्र तीन मुलांपैकी दोन राखाडी चौकोन, 'हयात, नाव गुप्त'. एक त्यांच्या बहिणीचा, एक स्वतःचा. आणि मधोमध ठळक अक्षरांत, जन्म-मृत्यूसकट, एकटा धाकटा. जुनी साइट उघडून पाहिली, तर तिथे नुसते आभार उरले होते.

"बाबांना हाच एक मुलगा होता का?" सासरेबुवांनी टेबलावर मूठ आपटली.

त्याहून वाईट म्हणजे नव्या साइटने तिथे खातं असलेल्या दूरदूरच्या नातेवाइकांना ही ताजी माहिती परस्पर कळवलीसुद्धा. परदेशातल्या एका आतेबहिणीने धाकट्याच्या बायकोचं सांत्वन करायला रडत फोन केला. फोन मयतानेच घेतला.

दहाच मिनिटांत तो रस्ता ओलांडून आमच्या दुकानात.

"दादा, मी कधी मेलो?"

"तारीख लिहिलीय. वाच."

"ते माझ्या दुकानाचं उद्घाटन आहे!"

"तेच म्हणतोय मी."

"चाळिशीला आलो तरी काचा घासायच्या मशीनला हात लावू द्यायचा नाहीस! काचा पुसायला ठेवलं होतंस मला!"

"पुसायच्याही धड येत नव्हत्या."

"बाबांनीच सांगितलं, वेगळा हो म्हणून!"

"खोटं!"

"जा, विचार त्यांना!"

"आता विचारू?" सासरेबुवांचा आवाज फाटला. "आता कोणाला विचारू?"

दाराशी आलेलं गिऱ्हाईक आल्या पावली परतलं. सासूबाई म्हणाल्या, "भावजी, बसा तरी."

"बसायला नाही आलो, वहिनी. शेजारपाजारच्यांना 'हे आहेत, हे आहेत' असं सांगत फिरतेय माझी बायको. दादा, काढ ती तारीख."

"काढली तर बाबांच्या खाली एकही नाव राहत नाही. कळतंय का तुला? एकही!"

"माझ्या मढ्यावर तुझी वंशावळ नको!"

सासरेबुवांनी संगणक खसकन ओढला, तारीख पुसली, बटण हाणलं. "घे! झालास जिवंत!"

धाकटा वाकून पडद्याकडे बघत राहिला. "मी कुठे गेलो?"

"हा काय, राखाडी."

तो सरळ झाला आणि रस्ता ओलांडून गेला.

नव्या साइटचा नियम असा, की हयात माणसाचं नाव त्याने स्वतः परवानगी दिली तरच दिसतं. सासरेबुवांनी बहिणीला, मुलीला, मला, सगळ्यांना विनंती पाठवली आणि लगेच परवानगी दिली नाही म्हणून फोन करून झापलं. धाकट्याला त्यांनी विनंती पाठवली नाही, त्यानेही विचारलं नाही. त्याचा चौकोन अजून राखाडीच आहे.