हरणांचा आठवडा

गुरुदत्त राऊळ आमच्या गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये पहिलं पुडकं ठेवायला आले तेव्हा त्यावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘कोबी’ असं लिहिलेलं होतं. पांढऱ्या कागदात घट्ट गुंडाळलेलं, दोन हातांनी उचलावं लागेल इतकं जड.

“वहिनी, तुम्हाला चालत नसेल तर स्पष्ट सांगा.”

“कोबी का चालणार नाही?” मी म्हटलं.

ते हसले, पण कान लाल झाले. आमच्या घरात अंडंसुद्धा ह्यांच्या हट्टापायी आलेलं, आणि आता फ्रीझरमध्ये किसलेल्या नारळाच्या आणि मेथीच्या पिशव्यांखाली अख्खं हरीण येऊन बसणार होतं. मी मेथी जराशी सरकवली. कारण ते ज्या घरातून आले होते तिथं त्या पुडक्याला जागा नव्हती, हे मला माहीत होतं. सुहासिनी मटण-मासे आवडीनं खाते, मार्गशीर्षातले गुरुवार सोडले तर. पण ते दुकानातलं. नवऱ्यानं स्वतः मारून आणलेलं नाही. “रानात जाऊन बसायचंच होतं तर सावंतवाडी काय वाईट होती? इतक्या लांब कशाला आलो?” असं ती माझ्यासमोरच त्यांना विचारायची.

राऊळ मंडळी आमच्या मागच्या गल्लीत राहायची. ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये तेव्हा मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळं मी नात्यातली नसले तरी त्यांची वहिनी झाले आणि ते माझे भावजी. बुटका, भरलेला माणूस. शर्टाच्या खिशात तीन पेनं. कोलंबसच्या एका विमा कंपनीत ते कॉम्प्युटरचं काम बघत. बोलणं हळू, चालणं त्याहून हळू. पण चालताना त्यांच्या पायांचा आवाज होत नसे. कितीदा तरी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलेले मला कळायचंच नाही आणि मी दचकायची.

हे पाय त्यांना वडिलांनी दिले होते. वडील शाळामास्तर, पण गावातली माणसं रान उठवायला निघाली की मास्तर ठासणीची बंदूक घेऊन पुढं. आठ वर्षांच्या गुरुदत्तला ते वाटेवर बसवत आणि सांगत, बार मी काढीन, तू फक्त बघ, आणि हलू नकोस. “वहिनी, मला शिकारीत मारणं नंतर आलं. आधी न हलणं आलं,” ते म्हणायचे. पुढं कायदा आला, बंदूक सरकारात जमा झाली, मुलगा शिकून अमेरिकेला गेला.

एकोणऐंशी साली नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये त्यांचा बॉस हॅल वायमर त्यांच्यासमोर येऊन बसला. “गुरु, यू हंट?” भावजींना वाटलं, ही परीक्षा आहे. गावाकडं शिकलेला माणूस हे कबूल करत नाही. शिवाय आदल्याच दिवशी कुणीतरी त्यांना गायींबद्दल मोठ्या आदरानं विचारलं होतं. तोंडातून निघून गेलं, “नो, नो. वी आर हिंदूज. वी डोंट किल.” समोर प्लेटमध्ये चिकन सँडविच होतं. ते हॅलनं पाहिलं की नाही, देव जाणे. त्यानं फक्त मान हलवली आणि म्हणाला, “गुड टु नो.”

त्याला हे कळून बरं का वाटलं, ते असं. ओहायोत नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारपासून शनिवारपर्यंत बंदुकीनं हरीण मारायचा हंगाम असतो. वर्षातून तो एकच आठवडा. भावजींच्या ग्रुपमधले सहाच्या सहा जण त्या आठवड्यात नारिंगी जाकिटं घालून डोंगरात जात. इकडं कॉम्प्युटर बंद पडला तर धावायला कुणीतरी हवं, ऑफिसातून बोलावणं आलं की वाजणारी डबी, म्हणजे बीपर, कमरेला लावून बसणारा कुणीतरी हवा. हरीण न मारणारा माणूस आयता मिळाला.

त्या नोव्हेंबरात भावजींना समजलं की इथं शिकार लपवायची गोष्टच नाही. बँकेतली बाई, शाळेचा मुख्याध्यापक, पाद्री, सगळे लायसन काढून जातात आणि सोमवारी कोण किती वाजता निघणार ते चर्चच्या पायऱ्यांवर ठरतं. पण तोवर ते ऑफिसातले संत झाले होते. शिकारीहून परतलेले लोक त्यांच्या टेबलावर भोपळ्याचा गोड ‘पंपकिन पाय’ आणि कुकीज ठेवून जात. मांस कुणी ठेवत नसे, त्यांच्या धर्माचा मान राखून.

“मग सांगून टाका ना,” मी एकदा म्हटलं.

“पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर हसले असते. दुसऱ्या वर्षी सांगायचं म्हणजे पहिलं वर्ष खोटं होतं हे आलं. आता तर काय, धर्माच्या नावावर खोटं बोललो असं होईल.”

म्हणून ते चोरून जायचे. धनुष्यबाणाचा हंगाम लांब असतो, ऑक्टोबरपासून. मेरिसविलच्या वाटेवर क्लाइड नावाच्या म्हाताऱ्याचं शेत होतं. सुहासिनीला मक्याची कणसं हवी होती म्हणून सगळी तिथं गेली, तर भावजी कणसांकडं बघेनात, बांधावरच्या मातीत उमटलेल्या हरणांच्या खुरांकडं बघत उभे. “किती आहेत? सात?” त्यांनी विचारलं. क्लाइडनं त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “आठ. पण आठव्याचं माझ्या मुलांनाही कधी कळलं नाही.” तिथून ते दोघे जमले. क्लाइडनं त्यांना धनुष्य शिकवलं, ओकच्या झाडावरचं आपलं मचाण दिलं. शनिवारी सकाळी “लायब्ररीत जातो” म्हणून भावजी निघायचे. सुहासिनीला ठाऊक होतं. त्यांची मुलगी दीपालाही ठाऊक होतं. त्यांच्या पँटला चिकटलेली गोचीड दाखवत ती म्हणायची, “आई, डॅड्स लायब्ररी हॅज टिक्स.”

पण बीपर कमरेला असायचाच, आणि तो कोलंबसपासून पस्तीसेक मैलांपर्यंतच वाजायचा. एकदा त्यांनी दीपाच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशात वर्तुळ काढलं. “हे माझं रान,” म्हणाले. दरवर्षी त्या वर्तुळातली शेतं विकली जात होती आणि तिथं आमच्यासारख्यांचीच घरं उठत होती. पंच्याऐंशीत क्लाइडचं शेतही गेलं. तो दक्षिणेला व्हिंटन काउंटीच्या डोंगरात मुलीकडं राहायला गेला. वर्तुळाच्या बाहेर.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात क्लाइडचा फोन आला. त्याची नजर अधू होत चालली होती. यंदा सोमवारी, हंगामाच्या पहिल्या दिवशी, त्याला एकदा शेवटचं बसायचं होतं. मुलगी एकट्याला जाऊ देत नव्हती. “तू शेजारी बस. तू बघ, मला सांग. बार मी काढीन.”

हे सांगताना भावजी माझ्या टेबलाशी उठून उभेच राहिले. “वडिलांचंच वाक्य, वहिनी. शब्द तेच.”

सांगायचं त्यांनी पक्कं केलं. इंग्रजीत तीन वाक्यं तयार केली आणि माझ्यासमोर म्हणून दाखवली. मी हॅल झाले. मी म्हटलं, “ओके गुरु, गो.” इतकं सोपं.

सुहासिनीला मात्र ते सोपं वाटलं नाही. “जानेवारीत मॅनेजर करणार आहेत तुम्हाला. आणि आत्ता जाऊन सांगणार, सात वर्षं मी थापा मारल्या? अहो, कसल्यापायी, तर हरणापायी!” ती चिडली होती, पण वाईट नव्हती. दिवाळीत ऑफिसची माणसं जेवायला यायची तेव्हा तीच वांग्याच्या भाजीपासून श्रीखंडापर्यंत सगळं शाकाहारी रांधत आली होती, नवऱ्याचा शब्द राखायला. त्या शब्दात ती पण अडकली होती.

तरी ते हॅलच्या केबिनमध्ये गेले. तोंड उघडायच्या आत हॅलनं खणातून नवा बीपर काढून त्यांच्या हातात ठेवला. “जुना जड होता ना? तू आहेस म्हणून ही पोरं जाऊ शकतात, गुरु.” भावजी थँक्यू म्हणाले आणि बाहेर आले.

मग त्यांनी जे केलं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. रविवारी हॅलला फोन करून घसा धरल्याचं सांगितलं. घरूनच बीपरवर असेन, म्हणाले. आणि सोमवारी पहाटे दीड तास गाडी चालवून व्हिंटन काउंटी गाठली. सात वर्षांत सोमवारी मशीन कधी बंद पडलं नव्हतं, एवढाच आधार.

पुढचं मला त्यांनी मंगळवारी सांगितलं.

क्लाइड खुर्ची घेऊन झाडाला टेकून बसला, हे शेजारी ओंडक्यावर. थंडी होती, वारा समोरून, सगळं हवं तसं. आणि त्यांना बसवेना. हात सारखा कमरेला जायचा. इथं बीपर वाजणार नाही हे माहीत होतं, म्हणून तर जास्तच जायचा. न वाजणाऱ्या बीपरवर विश्वास कसा ठेवायचा? नऊ वाजता उठले, अकरा मैलांवरच्या पेट्रोलपंपावर जाऊन मशीनरूमला फोन केला. ऑपरेटर म्हणाला, “सगळं छान चाललंय. तू झोप, गरम पाणी पी.” परत आले. अर्ध्या तासानं पुन्हा तेच मनात. अकराला पुन्हा गेले.

परतले तेव्हा क्लाइड बंदूक मांडीवर आडवी धरून बसला होता.

“आला होता,” तो म्हणाला. “मोठा नर. पावलं ऐकली. त्या झुडपापाशी थांबला, श्वाससुद्धा ऐकला मी. एक काळपट काहीतरी दिसत होतं. ते हरीण की माणूस, मला ठरवता येईना. न बघता मी बार काढत नाही. तू नव्हतास.”

रागावला नाही तो. नुसतं झालं ते सांगितलं. पण भावजी ते ‘तू नव्हतास’ तीन वेळा म्हणाले, माझ्याकडं न बघता.

त्यामुळंच मंगळवारी सकाळी ते सरळ हॅलकडं गेले. तयार केलेली तीन वाक्यं विसरून भलतंच काहीतरी बोलले, पण सगळं बोलले. कॅन्टीन, सँडविच, लायब्ररी, घसा.

हॅल ऐकत राहिला. मग म्हणाला, “मला चार वर्षांपासून माहीत आहे.”

मेरिसविलला मारलेलं हरीण ज्या दुकानात दाखवून नोंदवावं लागतं, तिथं हॅलचा मेव्हणा काउंटरवर बसायचा.

“मग बोलला का नाहीस?”

“सोयीचं होतं,” हॅल म्हणाला. “तुला सांगायचं असतं तर सांगितलं असतंस, असं मी स्वतःला समजावलं. आणि खरं सांगू? मी अकरा वर्षं त्या आठवड्यात गेलेलो नाही. मॅनेजरला जाता येत नाही.” मग त्यानं प्रमोशनचा कागद पुढं सरकवला. “शुक्रवारपर्यंत वेळ आहे. सही केलीस तर हा आठवडा तुझा नाही, यापुढं कधीच नाही. नाही केलीस तर पुढच्या वर्षीचा सोमवार तुझा, मी शब्द देतो. बीपरसाठी दुसरं कुणीतरी शोधीन. आणि या शनिवारी बीपर मी ठेवतो. तू म्हाताऱ्याकडं जा.”

इतकं सरळ कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. आमच्याकडं आले तेव्हा चेहरा मोकळा होता. ह्यांनी चहा पुढं केला आणि म्हटलं, “अहो राऊळ, सोपं झालं की मग. नाही म्हणून टाका.”

“तेच करणार,” ते म्हणाले.

रविवारी संध्याकाळी ते पुन्हा आले. मी पोळ्या लाटत होते. या वेळी पावलांचा आवाज झाला.

“शनिवारी गेला होतात?”

“गेलो. दिवसभर बसलो, जागचा हललो नाही. आठवडाभर बार ऐकून हरणं पार आत गेलेली, एक दिसलं नाही. पण क्लाइड खूश होता. बोलत होता. बायकोबद्दल, कुत्र्यांबद्दल. निघताना म्हणाला, पुढच्या वर्षी सोमवारी. डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतो तोवर. येशील ना?”

“मग?”

“हो म्हटलं.”

मी लाटणं ठेवलं. “बरं झालं की! म्हणजे सही नाही केलीत.”

ते टेबलावरचं पीठ बोटानं एका बाजूला गोळा करत राहिले.

“सही गुरुवारीच केली, वहिनी.”

“पण तुम्ही तर म्हणालात...”

“नाही म्हणायचाही फॉर्म असतो. मी तो भरायला घेतला होता. नाव लिहिलं, तारीख लिहिली. खाली विचारलंय, नकाराचं कारण. दोन ओळी सोडल्या आहेत त्यासाठी.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “हॅलला तोंडानं सांगितलं, ते जमलं. पण तो कागद वरच्या मजल्यावर जाणार, फाइलला लागणार. सुहासिनी विचारणार काय लिहिलंत. दीपा मोठी झाल्यावर विचारणार. वडील आज असते तर त्यांनी पण विचारलं असतं, मास्तरच ते. मी तासभर पेन धरून बसलो. हरीण हा शब्द काही लिहवेना.”

“आणि क्लाइडला हो म्हणालात.”

“त्याला नाही म्हणायचं तर त्याचंही कारण सांगावं लागलं असतं.”

गॅसवरच्या पोळीला काळे डाग पडले होते. मी ती उतरवली. मागच्या गल्लीतून सुहासिनीची हाक आली. तिनं ऑफिसच्या लोकांना पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं होतं, मॅनेजर झाल्याबद्दल, आणि किती माणसं येणार ते तिला विचारायचं होतं. “आलो,” भावजी म्हणाले, आणि बसून राहिले.