टेमघरच्या बाईंच्या नावाचं पार्सल

माझ्या सेवेतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याचा, हेही चटकन सांगता येत नाही. पण टेमघरच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेचं प्रकरण मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ आठवतं, आणि ते सांगताना आजही बरं वाटतं.

मी तेव्हा भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकून बंदोबस्ताच्या ड्युट्या वाटत होतो, तेवढ्यात एका खबऱ्याचा फोन आला. हा यंत्रमागावर काम करणारा माणूस. त्याची माहिती सहसा पोकळ नसे.

"साब, टेमघर में एक टीचर मॅडम है. घर में मशीन लगाया है. लकडी बाहर के मुल्क भेजती है. लोग बोलते हैं, लाल लकडी."

लाल लकडी म्हणजे रक्तचंदन. ते देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, म्हणून त्याची चोरटी निर्यात चालते. त्याच दुपारी कस्टम्सकडूनही निरोप आला. परदेशी निघालेल्या एका पार्सलात रक्तचंदनाचे तुकडे सापडले होते. पाठवणाऱ्याच्या जागी याच बाईंचं नाव आणि पत्ता, सोबत त्यांच्या सहीची आधार कार्डाची प्रत. वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, "बाईंना ताब्यात घ्या."

मी म्हटलं, "साहेब, आधी घर बघतो. मग कळवतो."

सोबत आमच्या महिला हवालदार होत्या. खाडीकाठच्या गावच्या, माणसं ओळखण्यात तरबेज. बाईंचं घर एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर होतं. मागच्या पडवीत लाकूड कातायची लेथ, आणि भिंतीला लागून ठोकळेच ठोकळे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज दिसतील असे. हवालदार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "साहेब, चोरीचा माल असा दाराशी कोनी ठेवत न्हाय."

बाई साठीच्या पुढच्या, अंगाला लाकडाचा भुसा लागलेला. मी ओळख सांगितली आणि लाकूड परदेशी पाठवता का, असं सरळ विचारलं.

"पाठवते की," त्या म्हणाल्या. "विकत नाही, अदलाबदल करते."

त्यांनी सगळं दाखवलं. वज्रेश्वरीच्या बाजूला एखाद्या वाडीत आंबा किंवा फणस पडला, की तिथल्या ओळखीच्या वखारीतून त्या ठोकळे आणायच्या. तडा जाऊ नये म्हणून टोकांना मेण लावायच्या, आणि रीतसर दाखले घेऊन कॅनडातल्या एका माणसाला पाठवायच्या. तो निवृत्त बसचालक, त्यालाही कातकामाचा नाद. तो बदल्यात तिकडचं मेपलचं आणि चेरीचं लाकूड पाठवायचा. आमच्या फणसाच्या पिवळ्या लाकडाची वाटी करून तो फोनवर दाखवायचा आणि त्याच्या मेपलचा करंडा या दाखवायच्या.

"आमच्या इथल्या पोरी कुंकू ठेवतील तुझ्या मेपलमध्ये, असं मी त्याला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "फार हसला होता."

मग मी अडवलेल्या पार्सलाचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांचा चेहरा उतरला. नाव आणि पत्ता वाचून त्या खुर्चीत बसल्या.

"हा खोका माझा नाही. हे लाकूडही माझं नाही." मग त्यांनी विचारलं, "त्या माणसाच्या दारात पोलीस जाणार नाहीत ना? म्हातारा आहे हो तो."

स्वतःला अटक होईल का, हे त्यांनी अजून विचारलंच नव्हतं. पार्सल भलत्याच देशात निघालं होतं. त्या कॅनडावाल्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे मी सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी पाणी घेतलं.

तरी आधारच्या प्रतीवरची सही त्यांचीच होती. ते त्यांनीही मान्य केलं. मी विचारलं, "ही प्रत तुम्ही कुणाकुणाला दिलीत?"

"फक्त कुरियरवाल्याला. दर वेळी दोन देते."

"एका पार्सलाला दोन कशाला?"

"तो म्हणतो, एक ऑफिसला जाते, एक आमच्याकडे राहते."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही तिथेच धागा सापडला होता. नियमाने एक प्रत पुरते. दुसऱ्या प्रतीवर दुसरं पार्सल जात होतं, आणि दाखले व्यवस्थित असलेल्या एका शिक्षिकेच्या नावावर कुणी सहसा संशय घेत नव्हतं.

मी वरिष्ठांना कळवलं की बाई आरोपी नाहीत, फिर्यादी आहेत. ते "जबाबदारी तुमची," म्हणाले. मी "हो" म्हटलं. बाईंच्या फिर्यादीवरून बनावट कागदपत्रांचा गुन्हा दाखल केला.

पण कुरियरवाल्याला नुसत्या प्रतीवरून धरलं असतं, तर माल देणारे सुटले असते. मला तो माल हातात असताना हवा होता. बाईंना सांगितलं, की नेहमीचं पार्सल घेऊन तुम्हीच तिथे जायला हवं. नाही म्हणालात तरी चालेल. त्यांनी पदराने हात पुसले.

"माझं नाव त्याने वापरलंय. मीच जाते."

त्या गेल्या. फणसाचे ठोकळे दिले, दोन प्रतींवर सह्या केल्या, त्याने विचारलं तेव्हा गुडघ्याच्या दुखण्याबद्दलही बोलल्या आणि परत आल्या. कुरियरच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर साध्या कपड्यातल्या आमच्या हवालदार बसल्या होत्या. त्या नंतर म्हणाल्या, "साहेब, त्याला जरा पन शंका आली न्हाय." दुकानावर आम्ही पाळत ठेवली. एक टेम्पो आला आणि त्यातून गोणपाटात बांधलेला माल उतरू लागला, तसे आम्ही पंच आणि वनविभागाचे अधिकारी घेऊन आत शिरलो. टेबलावर बाईंच्या नावाने रक्तचंदनाचं दुसरं पार्सल बांधायला घेतलं होतं. टेम्पोवाल्यालाही तिथेच ताब्यात घेतलं.

ठाण्यात कुरियरवाला पहिल्यांदा ठाम होता. "साहेब, माल मॅडमचाच आहे. मी फक्त बुकिंग करतो."

असं बोलणाऱ्यावर आवाज चढवून फायदा नसतो. तो त्याचीच वाट पाहत असतो. मी त्याचा फोन त्याच्यासमोर ठेवला.

"मग लाव मॅडमना फोन. विचार, तुमचा उरलेला माल कधी नेताय."

त्याने फोनकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. मग म्हणाला, "साहेब, पाणी मिळेल का?"

पाणी पिऊन झाल्यावर त्याने गोदामाचा पत्ता सांगितला. तिथून माल आणि माणसं दोन्ही मिळाली. पुढे न्यायालयात बाईंनी साक्ष दिली. उलटतपासणीत वकिलाने खूप फिरवून पाहिलं, त्या जे घडलं तेवढंच सांगत राहिल्या. शिक्षा झाली.

पण माझ्या मते तपास त्याआधीच एका रविवारी पूर्ण झाला. सोसायटीत कुजबुज सुरू झाली होती. जिन्यात भेटणाऱ्यांनी बोलणं तोडलं होतं. बाईंनी तक्रार केली नाही, हवालदारांना ते भाजीवालीकडून कळलं. मी गणवेशात सोसायटीच्या बैठकीला गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की या बाईंच्या धाडसामुळे पोलिसांना आरोपी सापडले. कुणीतरी उठून त्यांना पुढची खुर्ची दिली.

बैठकीनंतर त्या मला घरी घेऊन गेल्या. कॅनडाला फोन लावला, मला पडद्यासमोर उभं केलं आणि त्या म्हाताऱ्याला इंग्रजीत सांगितलं, "हे माझ्या पोलीस ठाण्याचे साहेब."

गुन्हेगार पकडला की आपण फाईल मिटवतो. ज्याच्यावर उगाच संशय आला, त्याचं नाव त्याच्या दारात जाऊन मोकळं करणं हेही पोलिसांचंच काम आहे, हे मला या प्रकरणाने शिकवलं. नंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे मी ती पद्धतच लावली. आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत लोक 'तुमचं ठाणं' म्हणत आले. 'माझं' म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.