राजाची मोजडी

आमच्या वाडीच्या उत्सवातल्या नाटकात राजा मीच असतो. मागच्या वर्षी प्रवेश करतानाच माझी एक मोजडी निसटली आणि मी अख्खा दरबार एका अनवाणी पायाने गाजवला. लोक हसून लोळले. मला वाटलं, संवादांना दाद मिळतेय.

हसली नाही ती फक्त माझी बायको. "अहो, मोजडी सुटल्याचं तुम्हाला कळलंच नाही ना? मधुमेह आहे तुम्हाला. उद्या डॉक्टरांकडे जायचं."

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवत ते "कळतंय का?" असं विचारू लागले. मी भारदस्त आवाजात "कळतंय" म्हणत राहिलो.

"काका, आता तर मी धागा लावलाच नव्हता."

"इथे नाटक नको," बायको म्हणाली.

नसा बधिर व्हायला नुकती सुरुवात झाली होती. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात. नाहीतर जखम होऊन पाय चिघळला तरी कळलं नसतं. आता साखर सांभाळा आणि रोज तळवे बघा."

यंदाही राजा मीच होतो. प्रवेशाआधी विंगेत बायको बॅटरी लावून माझे तळवे बघत होती.

"वहिनी, महाराजांना सोडा आता," प्रधान कुजबुजला.

"थांबा, एक पाय राहिलाय."

मी तो पाय ऐटीत पुढे केला. एवढा थाट सिंहासनावरसुद्धा मिळत नाही.