आमदारांसाठी राखीव

मेहकरहून डोणगावच्या शाळेत शिकवायला जाताना रोज एसटीत तेच म्हातारे गृहस्थ भेटायचे आणि रोज माझं डोकं फिरायचं. ते एकदाच निवडून आले होते आणि पुढच्याच वेळी पडले. त्याला कितीतरी वर्षं झाली, तरी कंडक्टर त्यांना 'आमदारसाहेब' म्हणे आणि राखीव सीट रिकामी करून देई. प्रत्येक थांब्यावर ते खिडकीतून मान बाहेर काढत. कोणीतरी गाऱ्हाणं सांगे, आणि ते संपेपर्यंत ड्रायव्हर गाडी हलवत नसे.

एकदा एका म्हातारीने नाल्यावर न झालेल्या पुलाचं काढलं. "पोरी गेल्या जी, आता नाती जाऊन राह्यल्या त्याच पाण्यातून शाळेत."

ते कानामागे हात धरून ऐकत राहिले. माझ्या वर्गाची परीक्षा होती. शेवटी मी ओरडलेच, "साहेब, आता तुम्ही आमदार नाही. हे कोणाला सांगणार आहात?"

त्यांनी मान आत घेतली.

"कोणालेच नाही, बाई. मायं कोन ऐकते आता?"

"मग गाडी काऊन थांबवता?" रागात माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघाली.

"हाच पूल तिनं मले तवाबी मांगतला होता. मी गाडीची काचसुद्धा खाली केली नव्हती."

मला दया यायला हवी होती. आला तो आणखी राग. ऐकायला शिकण्यासाठी या माणसाला पडावं लागलं, आणि तोवर त्या पाण्यात नाती उतरल्या.