गातानाचा फोटो

बेंबळीच्या एका बाईंचा गातानाचा फोटो मी काढला होता. तो आता कुठेच नाही, आणि माझ्याशिवाय तो नीट आठवणारं माणूसही बहुधा उरलेलं नाही. त्यांच्या मुलीला मात्र तो हवा होता.

उस्मानाबादेत माझा स्टुडिओ नव्हता. स्टुडिओवाल्यांकडे ताजमहाल रंगवलेला पडदा असायचा, माझ्याकडे खांद्याला अडकवलेला कॅमेरा आणि तोंडपाठ असलेलं एसटीचं वेळापत्रक. जत्रेतल्या कुस्त्या, साखर कारखान्याच्या मैदानावरची कबड्डी, भजनी मंडळं, कव्वालीचे सामने, जयंतीची गाणी, असं जिथं म्हणून माणसं घाम गाळत किंवा गळा मोकळा करत, तिथं मी हजर. पोट मात्र भरायचं ते सोसायट्यांवर. त्या वर्षांत सहकाराचं असं पेव फुटलं होतं, की आज इथं दूध डेअरीची फीत कापली जायची तर उद्या तिथं गोदामाची कोनशिला बसायची. हारात बुडालेल्या अध्यक्षांचा चेहरा नेमका कुठं संपतो, ते आधी शोधावं लागायचं आणि मग बटण दाबायचं. हे काम मला मनापासून आवडत नव्हतं. आवडायच्या त्या कुस्त्या आणि गाणी, आणि त्यांनीच मला सगळ्यात जास्त छळलं.

कारण आमच्या भागात फोटो म्हणजे थांबणं. पैलवान चितपट करायचा तो क्षण मला हवा असे. एक तर नेमक्या त्याच वेळी तेरखेड्याची शोभेची दारू उडायची आणि दचकून माझा हात हलायचा. नाही हलला तरी त्या फोटोला गिऱ्हाईक नसे. अंगाला माती, तोंड वाकडं, असला फोटो घरी कोण लावणार? पैलवान हौदावर जाऊन अंग धुवायचा, फेटा बांधायचा, गदा खांद्यावर घेऊन ताठ उभा राहायचा आणि म्हणायचा, आता काढा.

गाणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. मी कॅमेरा वर केला की भजन मध्येच थांबे. पेटीवाला सरळ बसे, टाळकरी टाळ छातीशी धरत, आणि सगळे जण ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत, जणू मी त्यांचे दात उपटायला आलोय. क्लिक झालं की पुढची ओळ. मी चिडायचो, विनवण्या करायचो, तुमचं चालू द्या म्हणायचो. ते समजूतदारपणे मान हलवत आणि पुन्हा थांबत. बत्तीशी दाखवलेला फोटो बरा दिसत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. माझ्याकडे ट्रंकभर गवयांचे फोटो आहेत आणि त्यांत एकाचंही तोंड उघडं नाही, अपवाद फक्त या बाईंचा होता.

बहात्तरच्या दुष्काळात तर कामच आटलं. जत्रा नावापुरत्या झाल्या, आखाड्यातल्या मातीवर शिंपडायला पाणी नव्हतं म्हणून कुस्त्या बंद. लग्नं पुढं गेली. मी सोलापूरच्या एका वर्तमानपत्राला दुष्काळी कामांचे फोटो पाठवून कसंबसं भागवत होतो. बेंबळीच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं, तिथं खडी फोडणाऱ्या बायकांत या बाई होत्या. पंचविशीच्या आतबाहेर, मनगटाला चिंधी गुंडाळलेली. तुम्ही फोटो काढता तर जयंतीला या की, असं त्यांनीच मला सांगितलं. यंदा काही असो, जयंती होणार होती.

गेलो. विहारापुढं पताका लावल्या होत्या आणि ऊन कलायला लागलं होतं. दिवसभर हातोडा चालवलेली माणसं आंघोळी करून, जपून ठेवलेली पांढरी कापडं घालून बसली होती. बाईंनी गायला सुरुवात केली. मी अगदी पेटीजवळ सरकलो आणि कॅमेरा डोळ्याला लावला. मागं कोरस धरणाऱ्या बायकांनी नेहमीप्रमाणे तोंडं मिटली. या बाईंनी नाही मिटलं, कारण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ढोलकीवाला मागं पडत होता आणि गाता गाता त्या त्याला डोळ्यांनी दटावत होत्या. मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड पूर्ण उघडं, समोरच्या दोन दातांत फट. मी बटण दाबलं. रोल धुतला तेव्हाच मला कळलं, की इतकी वर्षं ज्याच्या मागं फिरलो ते एकदाचं हाताला लागलं.

एक प्रिंट वर्तमानपत्राला पाठवली. ती छापूनही आली नाही आणि परतही आली नाही. दुसरी घेऊन मी बेंबळीला गेलो. बाई चुलीपुढं बसल्या होत्या. फोटो बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि हसत सुटल्या.

"अवो भाऊ, ह्ये काय वो? आ वासून बसलीय नुसती," त्या म्हणाल्या, आणि हसता हसताच तो चुलीत सारला. परत आलात की चांगला काढा, असंही म्हणाल्या. मी हो म्हणालो. मला राग नव्हता आला, निगेटिव्ह तर माझ्याकडे होती. परत जाणं मात्र झालं नाही.

काही वर्षांनी त्यांचे मालक माझ्या दारात आले. ते कारखान्यावर हंगामी कामाला होते. बाई काविळीनं गेल्या होत्या, लहानगी मुलगी मागं ठेवून. भिंतीवर लावायला फोटो हवा होता, आणि त्यांच्या आयुष्यात निघालेला एकुलता एक फोटो माझ्याकडे होता. मी तो काढून दिला. त्यांनी बराच वेळ बघितला. मग अवघडून म्हणाले, "गातानाची नगं भाऊ. गप बसल्याली पायजे. भितीवर उघडं तोंड बरं न्हाय दिसत."

बुद्धाच्या तसबिरीशेजारी तो लागणार होता, त्यांचं म्हणणं मला पटलं. असली कामं आम्ही सगळेच करायचो. मिटलेले डोळे उघडायचे, टक्कल झाकायचं, गरिबाला कोट चढवायचा. मोठ्या शहरातले कारागीर आधी प्रिंट काढून त्यावर हात चालवत. आमच्याकडे थेट निगेटिव्हवरच काम, म्हणजे नातलगांना हव्या तितक्या कॉप्या निघतात. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, दात काळे आणि तोंडाची पोकळी कोरी. खिडकीच्या उजेडात निगेटिव्ह भिंगाखाली धरून मी ब्लेडच्या टोकानं दात खरवडून काढले. मधली ती फटही गेली. पोकळी पेन्सिलीनं भरून तिथं ओठ आणले, मानेच्या शिरा बसवल्या. काम इतकं सफाईदार झालं की मीच माझ्यावर खूष होतो. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हीच, अशीच होती ती, म्हणाले. ती तशी नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

या गोष्टीचा मला पुढं इतका पस्तावा होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपता संपता एके दुपारी सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी टॉवेलात गुंडाळलेली तसबीर घेऊन आली. तीच तसबीर. मुलगी आता स्वतः जयंतीला गात होती. गाणं झालं की म्हाताऱ्या बायका तिच्या तोंडावरून हात फिरवत आणि म्हणत, आईला गाताना बघायला पायजे हुतं. तिनं बघितलंच नव्हतं. हा फोटो मुळात गातानाचा आहे, हे वडिलांनी तिला नुकतंच सांगितलं होतं.

"काका, तोंड तुमीच मिटवलंत न्हवं?" तिनं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. "मंग पयल्यावानी उघडून द्या की."

मी तिला समजावून सांगितलं. खरवडलेलं परत येत नाही, दुसरी प्रिंट नाही, वर्तमानपत्राच्या कचेरीत कोण कशाला जपून ठेवेल. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, कोणतं गाणं गात होती? मला तेही सांगता आलं नाही. मी उजेड बघत होतो, अंतर बघत होतो, ढोलकीवाल्याचा हात मध्ये येतो का ते बघत होतो. इतक्या मैफिलींत पहिल्या रांगेच्याही पुढं बसलो आणि गाणं कधी ऐकलंच नाही. त्या मुलीसमोर मला स्वतःची फार लाज वाटली.

"मग तुमाला काय म्हायती हाय तिचं?" ती म्हणाली.

"दात," मी म्हणालो. "समोरच्या दोन दातांत फट होती. तांदळाचा दाणा जाईल एवढी. डावा दात जरा पुढं होता."

ते मला विसरणं शक्य नव्हतं. भिंगाखाली धरून मीच ते खरवडले होते.

ती हसली, चांगली तोंडभर हसली, आणि मला दिसलं. तीच फट, तोच डावा दात. मैत्रिणी आजवर तिला त्या दातांवरून चिडवत आल्या होत्या, कुणावर गेलीस म्हणून.

टेबलावर कॅमेरा होता, आत रोल होता. मी तिला म्हटलं, बाळ, तू गा. कुठलंही गा, मी काढतो. तिनं घसा साफ केला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तिनं ओढणी सारखी केली, आईची तसबीर मांडीवर उभी धरली, ताठ बसली आणि ओठ घट्ट मिटले.

"गा ना," मी म्हणालो.

"अगुदर फोटू काढा, काका," ती ओठ जेमतेम हलवत म्हणाली. "मंग गाते."

मी थोडा वेळ थांबलो, आणि मग काढला.