दोन कॅसिओ आणि बिचकलेलं घोडं

शिरपूरजवळच्या त्या लग्नात मी कॅसिओची पिन पाच वेळा काढून पाच वेळा लावली होती! बँडमध्ये माझा पहिला दिवस. ढकलगाडीवर दोन कॅसिओ शेजारी शेजारी बांधलेले. एक माझा, एक भाऊंचा. भाऊ म्हणजे बँडमधले जुने वाजवणारे. आणि आबा म्हणजे मालक. त्यांनी सकाळीच सुनावलं होतं, "बिघडनं तर कॅसिओ खांदावर ले आन पहूरनी एस्टी धर."

आता पहूरला कुठल्या तोंडाने जाऊ? अख्ख्या गल्लीला सांगून आलो होतो, मी बँडवाला झालो म्हणून!

तालमीत मी भाऊंची बोटं पाठ केली होती. ते दाबतील ती पट्टी मी दाबायची. दोघांनी मिळून वाजवणं म्हणजे हेच, असं माझं डोकं!

नवरदेव घोड्यावर बसला, मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे निघाली. क्लॅरिनेटवाल्याने आज सूर वरचा धरला. भाऊंनी कॅसिओच्या कोपऱ्यातलं एक बटण दोनदा दाबलं आणि सुरू झाले. त्यांची बोटं बघत मीही सुरू... आणि कर्ण्यातून असलं काही भयंकर निघालं की घोडंच बिचकलं! नवरदेवाने त्याच्या मानेला मिठी मारली. आबा मागे वळले.

त्या बटणाने भाऊंचा अख्खा कॅसिओ दोन पट्ट्या वर चढला होता. बोटं तीच, सूर वेगळे. माझ्या कॅसिओला तसलं बटणच नव्हतं! मी हात काढून घेतले. गेली नोकरी.

"मना बोटे नको देखू!" भाऊ वाजवता वाजवताच ओरडले. "आयक! मी बोलस तवय तू गप. मी दम लेस तवय तू बोल."

मी नजर घोड्याच्या शेपटीवर लावली. खालच्या बाजूची एकेक पट्टी हळूच दाबून बघितली, चोरासारखी. एक पट्टी त्यांच्या सुरात अशी मिसळली की वेगळी ऐकूच येईना. तीच धरून ठेवली. भाऊंची ओळ संपली, त्यांनी हात उचलला. आता? मी घाबरत घाबरत चार सूर टाकले. ते परत सुरू झाले, मी परत खालच्या पट्टीवर जाऊन लांब सूर धरला. वऱ्हाडी नाचायला लागले! पण शेपटीवरून नजर काढायची हिंमत नव्हती.

देवळापाशी आबा आलेच. "घोडं बिचकाडी दिन्हं ना तू!"

मी कॅसिओची वायर गुंडाळायला लागलो.

"सकाय रावेरले जानं शे. तठलं घोडं याना पेक्षा तापट शे. येशी का?"

मला हो म्हणायचं होतं. आवाजच निघेना. आबा थांबले, भाऊंनी माझ्याकडे बघितलं, जरा वाट पाहिली.

"यी तो, आबा," मग माझ्या जागी तेच हो म्हणाले.